गोसेखुर्दच्या पाण्यावर वेगाची नाव: लहान कारखान्यांची खरी कारागिरी कशात होती?

वैनगंगाकाठ (तालुका पवनी, जिल्हा भंडारा)

सर्वांना नमस्कार.

मी पवनी तालुक्यातील एका खेड्यात सुतारकाम करतो. दारे-खिडक्या आणि अलीकडे जास्त करून प्लायवुडची कपाटे हा माझा रोजचा धंदा असला, तरी आमच्या घराला चार गावे ओळखतात ती आम्ही बांधलेल्या नावांमुळे. माझे बाबा मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांसाठी वैनगंगेवर चालणाऱ्या सागाच्या फळ्यांच्या नावा बांधत असत. ते जाऊन सहा वर्षे झाली. त्यांनी आयुष्यात कागदावर नावेची एक रेघ ओढली नाही. नावेच्या पोटाचा आकार त्यांनी पातळ फळ्यांतून कापलेल्या नऊ फर्म्यांमध्ये ठेवला होता. ते फर्मे आजही गोठ्याच्या आड्याला सुतळीने बांधलेले आहेत, आणि पटाशीने पाडलेल्या एक ते नऊ खाचांवरून कोणता फर्मा नाळेकडचा, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाचा, आणि कोणता मागचा, हे अंधारातही बोटाला कळते.

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ च्या एप्रिलमध्ये झाली. पुढे पाणी अडले आणि आमच्या भागात नदीचे सरोवर झाले. पूर्वी वल्ह्याने थोड्या वेळात पैलतीर गाठणाऱ्या माणसाला आता आपल्या जाळ्यापर्यंत पोहोचायलाच तासभर लागतो, आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटाही उठतात. म्हणून काही मासेमारांच्या सांगण्यावरून मी यंदा चौदा फुटांची प्लायवुडची नाव बांधली आणि तिला पंधरा अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून टांगायचे, इंजिन लावले. आकारासाठी बाबांचेच फर्मे घेतले. नाळेचा भाग थोडा अधिक धारदार केला, एवढाच काय तो बदल. हळू चालवताना नाव उत्तम चालते. परंतु इंजिन अर्ध्याच्या पुढे उघडले की नाळ वर उठते, दाणकन खाली बसते, पुन्हा उठते, आणि हे एका ठेक्यात चालूच राहते. मागे बसलेल्या माणसाला दोन्ही हातांनी काठ घट्ट धरावा लागतो.

हे असे का होते, याचा शोध घेताना मी वेगवान नावा बांधणाऱ्या लहान कारखान्यांविषयी वाचत गेलो. इटलीत इझेओ सरोवराच्या काठी, सार्निको नावाच्या गावात, रिवा घराण्याने १८४२ मध्ये काम सुरू केले, आणि त्याच घराण्यातील कार्लो रिवा यांनी १९६२ मध्ये ‘अ‍ॅक्वारामा’ ही महोगनी लाकडाची नाव पाण्यात आणली. अमेरिकेत मायामीच्या बाजूला डॉन अ‍ॅरोनॉ यांनी १९६४ मध्ये डॉन्झी, १९६६ मध्ये मॅग्नम आणि त्यानंतर सिगारेट या नावाने एकाच रस्त्यावर एकामागून एक कारखाने काढले. सरोवराकाठच्या एका गावातल्या सुतारांचे काम जगभर पोहोचते, ही गोष्ट मला फार जवळची वाटली.

माझे दोन प्रश्न आहेत. माझ्या नावेचा दोष कशात असावा? आणि या लहान कारखान्यांची कारागिरी नेमकी कशात होती, की मालक बदलले, माणसे गेली, तरी त्यांच्या नावांचा आकार टिकून राहिला? दुसरा प्रश्न मी बाबांच्या फर्म्यांकडे बघून विचारतो आहे.

जुना मिस्त्री (साकोली)

भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी तीस वर्षे पाण्याचे पंप आणि इंजिने दुरुस्त केली आहेत आणि शेवटची काही वर्षे बोटींची आउटबोर्ड इंजिनेही हाताळली आहेत.

तुमची नाव दोन वेगळ्या स्थितींत चालते, हे आधी लक्षात घ्या. हळू चालताना ती पाण्यात बसलेली असते आणि पाणी बाजूला सारत पुढे जाते. अशा स्थितीत चौदा फुटी नावेला ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या वर जाणे फार जड पडते, कारण तिने स्वतः उठवलेल्या लाटेच्या चढावर तिला चढावे लागते. इंजिनात जोर असला की नाव तो चढ ओलांडते, तळाखालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत धावू लागते. त्या वेळी जवळजवळ सारा भार तळाच्या मागच्या भागावर असतो. म्हणून वेगाच्या नावेत मागचे चार-पाच फूट हेच खरे महत्त्वाचे असतात.

असे करून पाहा. नाव उलटी लाकडी घोड्यांवर ठेवा. मागच्या फळीच्या खालच्या कडेपासून पुढे सहा फुटांपर्यंत तळाला सूत ताणून धरा. कण्याजवळ (तळाच्या मधल्या लांब लाकडाजवळ) एकदा, कणा आणि कड यांच्या मधोमध एकदा आणि बाहेरच्या कडेजवळ एकदा, तेही दोन्ही अंगांना. सुताखाली मध्ये फट दिसली, म्हणजे तळ तिथे पोकळ आहे, तर नाव वेगात नाळ खाली दाबते. उलट सूत मध्येच तळाला टेकले आणि मागच्या टोकाला फट राहिली, म्हणजे तळ मागे जाताना वर वळलेला आहे, तर त्या वळणावरून धावणारे पाणी मागचा भाग खाली ओढते आणि नाळ उचलते. नाळ फार उचलली गेली की तिचा आधार सुटतो आणि ती खाली पडते. तुम्ही सांगितलेला ठेका बहुधा तोच आहे. यात एक-दोन सुतांचा (मापाचे सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरकसुद्धा जाणवतो. दाराच्या चौकटीत दोन सूत खपून जातात, इथे खपत नाहीत.

दुसरी गोष्ट मागच्या फळीच्या खालच्या कडेची. आपल्या हाताला सवय असते की कोणतीही कड दिसली की तिच्यावर रंधा फिरवून ती गोल करायची. वेगाच्या नावेत ही कड धारदारच ठेवावी लागते, कारण पाणी तळापासून स्वच्छ सुटले पाहिजे. कड गोल असली तर पाणी तिला चिकटून वर चढते आणि नावेला मागे खेचते. तळ आणि बाजू जिथे मिळतात, त्या कडेचा मागचा भागही असाच धारदार हवा.

तोवर इंजिनाची खीळ एक भोक आत घेऊन इंजिन नावेकडे झुकवा आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली आहे ना, तेही बघा. त्याने त्रास कमी होईल. मात्र तळातला दोष टाकी सरकवून जाणार नाही.

शिक्षक (नवेगावबांध)

वरच्या उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि त्याच धाग्याने दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

या कारखान्यांविषयी बोलताना माणसे चकाकणारे लाकूड आणि मोठी इंजिने यांच्याकडेच पाहतात. माझ्या मते त्यांची कारागिरी नाव पाण्यात असताना जो भाग कोणालाच दिसत नाही त्या तळात होती. याचे सर्वांत चांगले उदाहरण अमेरिकेतील नावांचे आराखडे आखणारे रे हंट यांचे आहे. त्यापूर्वी वेगाच्या नावांचा तळ पुढे धारदार आणि मागे जवळजवळ सपाट असे. सपाट तळ सहज उचलला जातो, परंतु लाटेवर आपटतो. हंट यांनी तळाचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतार नाळेपासून मागच्या फळीपर्यंत तसाच नेला, सुमारे चोवीस अंशांचा, आणि तळावर लांबीच्या दिशेने त्रिकोणी पट्ट्या बसवल्या, म्हणजे बाजूला उडणारे पाणी खाली वळून नावेला उचलण्याच्या कामी येते. १९५८ मध्ये न्यूपोर्टला शिडांच्या नौकांची अमेरिका चषक शर्यत चालू असताना मायामीचे नौकाविक्रेते डिक बर्ट्रॅम यांनी हंट यांची तेवीस फुटी नाव खडबडीत समुद्रात न आपटता धावताना पाहिली आणि त्याच धर्तीची मोठी नाव मागवली. ती ‘मॉपी’. १९६० च्या एप्रिलमध्ये मायामी ते नासाऊ या शर्यतीत खवळलेल्या समुद्रात ती सुमारे आठ तासांत पोहोचून पहिली आली. तिसऱ्या क्रमांकाची नाव दुसऱ्या दिवशी पोहोचली. एका दिवसात सिद्ध झालेला हा आकार पुढे जवळजवळ प्रत्येक सागरी वेगवान नावेच्या तळात उतरला. तुम्ही उल्लेख केलेल्या अ‍ॅरोनॉ यांच्या नावाही त्याच कुळातल्या. त्यांच्या डॉन्झीच्या सोळा फुटी लहान नावेचा आराखडा जिम विन आणि वॉल्ट वॉल्टर्स यांचा होता.

आणखी एक माणूस मला इथे आवर्जून आठवतो, कारण त्याचा मार्ग आपल्या महाराष्ट्रातून गेला आहे. रेनातो ऊर्फ सॉनी लेव्ही यांचा जन्म १९२६ मध्ये कराचीत झाला. त्यांनी मुंबईत घरच्या नावबांधणीच्या कारखान्यात काम केले आणि वेगवान नावांचे आराखडे ते तिथेच आखू लागले. नंतर ते इटलीत गेले. त्यांनी आखलेल्या ‘आ स्पेरान्झिएल्ला’ने १९६३ मध्ये आणि ‘सर्फ्युरी’ने १९६७ मध्ये इंग्लंडमधील काउज ते टॉर्की ही अवघड शर्यत जिंकली. १९८६ मध्ये ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर दोन’ या नावेने तीन दिवस आठ तास एकतीस मिनिटांत अटलांटिक महासागर ओलांडला, तिच्या तळाच्या आराखड्यामागेही लेव्हीच होते. ज्या माणसाचा हात मुंबईच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात तयार झाला, त्याचे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणाला माहीत नसावे, याची मला मनापासून खंत वाटते.

आता दादा, तुमच्या बाबांच्या फर्म्यांविषयी. मिस्त्रींनी सांगितलेली फट तुमच्या नावेत मागच्या टोकाला निघाली, तर कृपया त्याचा दोष बाबांना देऊ नका. वल्ह्याने चालणाऱ्या नावेचा तळ मागे वर उचललेलाच असावा लागतो. हळू चालणाऱ्या नावेने दुभंगलेले पाणी तिच्या मागे शांतपणे परत मिळाले पाहिजे. मागचा भाग एकदम तोडला तर तिथे भोवरे उठतात आणि ते वल्हे मारणाऱ्याच्या दंडावर येतात. म्हणजे जो उचल त्यांच्या नावेला हलकी करत होता, तोच इंजिनाच्या नावेला आपटवतो आहे. त्यांनी आकार त्यांच्या वेगासाठी बरोबर काढला होता.

तुमच्यासाठी हंट यांचा चोवीस अंशांचा उतारही जसाच्या तसा घेण्यासारखा नाही. तो समुद्रासाठी आणि भरपूर अश्वशक्तीसाठी आहे. पंधरा अश्वशक्तीला तो उचलणे जड जाईल, आणि थांबलेल्या नावेत उभे राहून जाळे ओढणाऱ्या माणसाला ती नाव डोलणारी वाटेल. नाळेकडे धारदार आणि मागे आठ-दहा अंशांवर आलेला तळ जलाशयासाठी पुरेसा आहे.

फायबरवाला (बुटीबोरी)

शिक्षकांच्या एका म्हणण्याला मला नम्रपणे पुरवणी जोडायची आहे. वरची चकाकी ही कारागिरी नव्हे, असा त्यांच्या लिहिण्याचा अर्थ निघतो, तो मला मान्य नाही. रिवाच्या नावांना वार्निशचे वीसपर्यंत हात दिले जात. प्रत्येक हात वाळल्यावर घासायचा, पुसायचा आणि मग पुढचा द्यायचा. ज्याने हे काम केले आहे त्याला माहीत आहे की दर वेळी घासताना बोट लाकडाच्या प्रत्येक इंचावरून जाते, आणि आधी न दिसलेला उंचवटा, सुटलेला सांधा, वर आलेला स्क्रू तिथेच सापडतो. वार्निशमुळे लाकडाची तपासणी वीस वेळा होते. तीन प्रकार मिळून साडेसातशेच्या आसपास अ‍ॅक्वारामा बांधल्या गेल्या आणि १९९६ पर्यंत त्यांचे काम चालू होते. एवढी वर्षे एकाच प्रकारच्या नावेवर हात बसलेली माणसे तयार झाली, हाही त्या कारखान्याचा वारसाच आहे. कार्लो रिवा यांनी १९६९ मध्ये कारखाना विकला, ते २०१७ मध्ये गेले, तरी सार्निकोत काम चालू आहे.

आकार टिकतो कसा, यावर माझ्या धंद्यातले सांगतो. ‘मॉपी’ शर्यत जिंकल्यानंतर तिच्याच लाकडी तळावरून साचा काढला गेला आणि त्या साच्यातून फायबरच्या एकतीस फुटी बर्ट्रॅम नावा निघू लागल्या. साचा काढताना मूळ लाकडी नाव घासून, मेण लावून आरशासारखी करतात. तिच्यावर फायबर आणि राळेचे थर चढवतात, वाळल्यावर ते कवच वेगळे करतात, आणि मग त्या कवचाच्या आत प्रत्येक नवी नाव थरांनी बांधली जाते. त्यामुळे मूळ लाकडात सुताराने ठेवलेला एक सुताचा खड्डा पुढच्या शेकडो नावांमध्ये जसाच्या तसा उतरतो, आणि त्याने राखलेली सरळ रेषही उतरते. अ‍ॅरोनॉ कारखाने विकत गेले आणि नवे काढत गेले, तेव्हा विकत घेणाऱ्याला खऱ्या अर्थाने मिळत होते ते साचेच. तुमच्या आड्याला बांधलेले नऊ फर्मे त्याच जातीची वस्तू आहेत. त्यांना सुतळीवरून काढा, कोरड्या जागी सपाट ठेवा, आणि प्रत्येकाची बाह्यरेषा मोठ्या ब्राउन पेपरवर पेन्सिलने उतरवून घ्या. वाळवी लागली तर दुसरी प्रत कुठेही नाही.

प्लायवुडविषयी एकच सांगतो. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून काहीही देतो. पाटावर आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा क्रमांक) असा शिक्का आहे का, ते स्वतः पाहा. त्या दर्जाच्या प्लायला बहात्तर तास उकळून चिकटपणाची परीक्षा पार करावी लागते. आयएस ३०३ हे कपाटाचे प्लाय आहे. कापलेल्या कडांमधून पाणी सर्वांत आधी शिरते, म्हणून प्रत्येक कडेला आणि इंजिनाच्या बोल्टांच्या प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सी पाजल्याशिवाय नाव पाण्यात उतरवू नका.

जाळेवाला (गोसेखुर्द जलाशय)

भाऊ, नाव वेगाची करताय ते चांगलेच आहे, आम्हांला हवीच आहे. परंतु आमच्या पाण्याखाली जुनी झाडे, बांध आणि पडकी घरे आहेत. पाणी उतरले की त्यांची खोडे हातभर पाण्याखाली येतात आणि वरून दिसत नाहीत. त्यामुळे कण्याखाली कठीण लाकडाची पट्टी लावा, ती झिजली तर बदलता आली पाहिजे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि नावेत जितकी माणसे तितकी लाइफ जॅकेटे ठेवा. मागच्या वर्षी आमच्या ओळखीचा एक पोरगा वळणावर बाहेर फेकला गेला आणि त्याची नाव चालू इंजिनाने त्याच्याभोवती फिरत राहिली. तो वाचला, परंतु ते आम्ही काठावरून पाहिले आहे.

वैनगंगाकाठ

सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. काल नाव उलटी केली आणि मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे सूत ताणले. मागच्या फळीपासून साडेतीन फुटांवर सूत तळाला टेकले आणि फळीपाशी कण्याजवळ तीन सूत, तर बाहेरच्या कडेला जवळजवळ चार सूत फट निघाली. डाव्या अंगाला ती उजव्यापेक्षा थोडी जास्त आहे. मागच्या फळीची खालची कडही मी स्वतःच्या हाताने, चांगले दिसावे म्हणून, छान गोल केलेली होती.

मग गोठ्यात जाऊन बाबांचे फर्मे खाली काढले आणि ओट्यावर क्रमाने मांडले. सातव्यापर्यंत तळाची रेषा सरळ येते. आठवा आणि नववा एकदम वर उचललेले आहेत. नवव्याच्या खालच्या कडेवर, जिथे तो सर्वांत जास्त उचललेला आहे, तिथे लाकूड इतर फर्म्यांपेक्षा गुळगुळीत आहे. तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा थोडे थोडे तासून, नाव पाण्यात घालून, परत काढून तो उचल जमवलेला असावा. शिक्षकांनी लिहिले नसते तर मी हाच उचल चूक समजून त्याच फर्म्यावर करवत चालवली असती.

नऊही फर्म्यांच्या रेषा कागदावर उतरवून झाल्या आहेत. आठव्या आणि नवव्याच्या जागी नवे दोन फर्मे आज कापले, तळाचा उतार नऊ अंशांचा ठेवून आणि शेवटचे पाच फूट सुताला सुत लावून सरळ. तळावर प्लायची पट्टी इपॉक्सीने बसवून ती फट भरून घेतो आहे, मागची कड पुन्हा चौकोनी करतो आहे, आणि कण्याखाली पट्टीसाठी बिजाचे लाकूड काढून ठेवले आहे. नव्या फर्म्यांवर आठ आणि नऊ खाचा पाडल्या आणि त्यांच्याशेजारी एक आडवी रेघ ओढली, म्हणजे अंधारात हात लागला तरी इंजिनाचे कोणते आणि वल्ह्याचे कोणते ते कळेल. इपॉक्सी वाळायला दोन दिवस देतो आणि रविवारी सकाळी, वारा सुटण्याआधी, नाव पाण्यात घालतो. जाळेवाले भाऊ, तुम्ही काठावर असाल तर बरे होईल.